अपडेटनंतर पुन्हा रूट केलेला फोन उघडत नाही. दोन हंगामांच्या फवारणीच्या नोंदी आत अडकल्या आहेत

द्राक्षबाग_तासगाव | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार आहे. फळछाटणी होऊन १७ दिवस झाले आहेत. डाऊनी रोगासाठी रोज सकाळी पाने उलटून पाहण्याचे हे दिवस, आणि नेमक्या याच वेळी माझा फोन उघडेनासा झाला आहे. त्यातल्या नोंदींच्या ॲपमध्ये गेल्या दोन हंगामांतील प्रत्येक फवारणी लिहिलेली आहे: कोणते औषध, किती पाण्यात किती मिली, कोणत्या प्लॉटवर आणि काढणीला किती दिवस राहिलेले असताना. निर्यातीला माल द्यायचा तर या नोंदी दाखवाव्या लागतात. पूर्वी वहीत लिहीत होतो, पण औषधाच्या हातांनी वहीची पाने चिकटायची, म्हणून फोनवर आलो. ॲपचा बॅकअप चालू करायचा राहून गेला.

घडले ते असे. फोन अँड्रॉइड ११ वर विकत घेतला होता. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) उघडून तो मॅजिस्क या साधनाने रूट करून दिला, म्हणजे प्रणालीवर पूर्ण ताबा मिळवून दिला, कारण कंपनीने आधीच भरलेली नको ती ॲप्स निघत नव्हती. रूट केल्यापासून अपडेट आपोआप बसेना, म्हणून गेल्या शनिवारी भाच्याने संपूर्ण अपडेट संगणकावरून चढवले. फोन व्यवस्थित सुरू झाला, पॅटर्न स्वीकारला गेला, दुपारभर मी तो वापरलाही. संध्याकाळी भाच्याने पुन्हा रूट करण्यासाठी एक फाइल चढवली आणि तेव्हापासून कंपनीचे चिन्ह दिसून काळा पडदा येतो. त्यावर इंग्रजीत लिहिलेले असते की अँड्रॉइड प्रणाली सुरू करता येत नाही, तुमचा डेटा खराब झालेला असू शकतो. खाली दोनच पर्याय आहेत, पुन्हा प्रयत्न करा किंवा फॅक्टरी रीसेट करा. पुन्हा प्रयत्न केला की फिरून तोच पडदा.

त्यानंतर भाच्याने टीडब्ल्यूआरपी ही रिकव्हरी (मुख्य प्रणालीबाहेर चालणारी दुरुस्तीची व्यवस्था) तात्पुरती चालवून पाहिली. तिने पासवर्ड विचारला. पॅटर्नचे ठिपके १ ते ९ अशा अंकांत मोजून तो आम्ही दिला, तरी उलगडा झाला नाही. अंतर्गत साठवण ० एमबी दिसते, आणि फोल्डरांची नावे म्हणजे कुणीतरी डोळे मिटून कीबोर्डवर हात फिरवावा तशी अक्षरे. भाचा म्हणतो की आता फॉरमॅट करण्यावाचून गत्यंतर नाही. मी त्याला थांबवले आहे. फोन बंद करून कपाटात ठेवला आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

जत_मास्तर | सोमवार, रात्री १०:२५

आपली अडचण वाचून वाईट वाटले. २०१४ साली माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन पॅटर्न विसरल्यामुळे अडकला होता. तेव्हा रिकव्हरीतून सिस्टिमच्या फोल्डरात जाऊन जेश्चर डॉट की ही फाइल पुसली आणि फोन कोणताही पॅटर्न दिला तरी उघडू लागला. एकही फोटो गेला नाही. नव्या फोनमध्ये त्याऐवजी लॉकसेटिंग्ज नावाची फाइल असते असे वाचले आहे. ती पुसून पाहायला हरकत नसावी.

कुपवाड_फर्मवेअर | सोमवार, रात्री १०:४१

दादा, कृपया काहीही पुसू नका. फोन आहे तसाच कपाटात राहू द्या. सविस्तर उद्या लिहितो, पण हे एवढे आज रात्रीच वाचावे म्हणून घाईने लिहीत आहे. मास्तरांचा उपाय त्या काळी बरोबर होता. आजच्या फोनवर तोच उपाय डेटा कायमचा घालवतो.

आणि एक सांगा: संध्याकाळी रूट करताना भाच्याने जी फाइल चढवली ती नव्या अपडेटमधून काढून तयार केलेली होती, की दोन वर्षांपूर्वीची जपून ठेवलेली?

द्राक्षबाग_तासगाव | मंगळवार, सकाळी ६:५०

भाच्याला फोन लावून विचारले. फाइल जुनीच होती, दोन वर्षांपूर्वी त्याच्या लॅपटॉपवर जपून ठेवलेली. फोन तोच असल्याने फाइलही तीच चालेल असे त्याला वाटले. आता ट्रॅक्टर भरून बागेत जातो, दुपारी पाहीन.

कुपवाड_फर्मवेअर | मंगळवार, दुपारी १:१५

आपल्या उत्तरामुळे मला बरीच आशा वाटू लागली आहे. कारण सांगतो, पण त्यासाठी थोडे मागून यावे लागेल. मास्तरांचा उपाय का चालत होता आणि आता का चालत नाही, हे कळल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नये असे माझे मत आहे.

जुन्या अँड्रॉइडमध्ये पडद्यावरचे लॉक आणि आतला डेटा यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पॅटर्न ही दारावरची चौकशी होती. आतला माल पोत्यांत उघडाच पडलेला असे. चौकशी करणारी फाइल पुसली की दार मोकळे आणि माल जागच्या जागी. अँड्रॉइड ५ पासून संपूर्ण साठवण एन्क्रिप्ट करण्यावर, म्हणजे कूटबद्ध करण्यावर भर आला आणि अँड्रॉइड ६ मध्ये पुरेशा वेगाच्या नव्या फोनांना ते सक्तीचे झाले. पुढे २०१६ मध्ये अँड्रॉइड ७ ने पद्धतच बदलली. साठवण एका किल्लीने सरसकट बंद न करता, फाइलनिहाय एन्क्रिप्शन आणले आणि दोन कप्पे केले. एक कप्पा फोन सुरू होताच उघडतो, दुसरा मालकाने पिन किंवा पॅटर्न दिल्यावरच. अँड्रॉइड १० घेऊन बाजारात आलेल्या प्रत्येक फोनला ही फाइलनिहाय पद्धत सक्तीची आहे, आणि अँड्रॉइड १३ मध्ये जुनी संपूर्ण-डिस्क पद्धत काढूनच टाकली आहे.

हे दोन कप्पे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहेत, फक्त लक्षात येत नाही. रात्री फोन आपोआप पुन्हा सुरू झाला आणि सकाळी पिन टाकण्याआधीच घरून फोन आला, तर घंटी वाजते पण नावाऐवजी नुसता नंबर दिसतो. गजर वाजतो, व्हॉट्सॲपचा संदेश मात्र येत नाही. पिन टाकला की नावे उमटतात आणि रात्रभरचे संदेश एकदम येऊन पडतात. पिन टाकेपर्यंत संपर्कांची यादी फोनच्या स्वतःलाही वाचता येत नव्हती.

आता किल्लीविषयी. फाइली ज्या किल्लीने कूटबद्ध होतात ती आपला पॅटर्न नव्हे. ९ ठिपक्यांवर किमान ४ जोडून होणारे सगळे नमुने मोजले तर ते ३,८९,११२ भरतात, आणि चार अंकी पिन तर १०,००० च. एवढे सगळे नमुने संगणक हां हां म्हणता तपासून टाकेल. म्हणून खरी किल्ली लांबलचक आणि यादृच्छिक असते. ती बंद करून ठेवलेली असते, आणि ती उघडायला दोन गोष्टी एकत्र लागतात: आपला पॅटर्न, आणि प्रोसेसरच्या आतल्या सुरक्षित भागातले गुपित, जे त्या चिपमधून बाहेर निघत नाही. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर ३० सेकंद थांबायला लावणाराही हाच भाग. चुका वाढत गेल्या की ही थांबणूक दिवसाला एक प्रयत्न इथपर्यंत जाऊ शकते. मास्तर, तुम्ही सुचवलेली फाइल आणि तिच्या सोबतच्या फाइली आता याच व्यवस्थेच्या कड्या आहेत. त्या पुसल्या की लॉक जात नाही. पॅटर्नपासून किल्लीपर्यंत जाणारी वाट बुजते, आणि मग बरोबर पॅटर्न येत असूनही काही उपयोग राहत नाही.

आता तुमच्या फोनचे. अँड्रॉइड ७ पासून सुरक्षित भागातल्या किल्ल्या प्रणालीच्या आवृत्तीशी आणि सुरक्षा पॅचच्या (सुरक्षेच्या दुरुस्तीच्या) महिन्याशी बांधलेल्या असतात. नवे अपडेट बसले की किल्लीवरची नोंद पुढे सरकते. त्यानंतर जुन्या महिन्याची प्रणाली समोर आली तर सुरक्षित भाग किल्ली द्यायला नकार देतो. चोराने फोनवर मुद्दाम जुनी, भोके असलेली प्रणाली चढवून डेटा काढू नये यासाठी ही तजवीज आहे. शनिवारी दुपारी फोन नव्या अपडेटवर सुरू झाला तेव्हाच किल्ली नव्या महिन्यावर गेली. बूट फाइलमध्ये (फोन सुरू करणारी फाइल, रूट करताना हीच बदलून चढवतात) आवृत्तीची आणि पॅचच्या महिन्याची नोंद असते, आणि संध्याकाळी चढवलेल्या बूट फाइलवर दोन वर्षांपूर्वीचा महिना आहे. सुरक्षित भागाने तो महिना पाहिला आणि पहिल्या कप्प्याचीसुद्धा किल्ली अडवली. म्हणूनच तुम्हाला पॅटर्न विचारणारा पडदासुद्धा दिसत नाही, थेट डेटा खराब असल्याचा इशारा येतो. रिकव्हरीला उलगडा न होण्याचे आणि नावे अगम्य दिसण्याचे कारणही बहुधा हेच आहे.

माझा तर्क बरोबर असेल तर तुमचा डेटा जसाच्या तसा आहे. करायचे ते इतकेच: शनिवारी जे अपडेट चढवले त्याच पॅकेजमधली मूळ बूट फाइल काढायची, तिला मॅजिस्कचा हातही लावायचा नाही, आणि फक्त तेवढीच एक फाइल फास्टबूटने (संगणकावरून फोनमध्ये फाइल चढवण्याचे साधन) चढवायची. पॅकेजचा क्रमांक अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. त्यात वाइप किंवा फॉरमॅट हा शब्द असलेली कोणतीही आज्ञा येता कामा नये. काही कंपन्यांच्या पॅकेजमध्ये सगळे एकदम चढवणारी तयार स्क्रिप्ट असते आणि ती मुकाट्याने डेटाही पुसते, तेव्हा ती वापरू नका. बूटलोडर पुन्हा बंद करण्याचा विचारही आत्ता करू नका, त्यानेही सगळे पुसले जाते. आणि भाच्याला रागावू नका. त्याने फॉरमॅट केले नाही हे फार मोठे काम झाले आहे.

जत_मास्तर | मंगळवार, दुपारी ३:०५

माझ्या सल्ल्याने केवढे नुकसान झाले असते हे वाचून मन अस्वस्थ झाले. दहा वर्षांपूर्वीची माहिती मी ताजी समजून देत होतो. माझा वरचा प्रतिसाद काढून टाकू का? की खालच्या स्पष्टीकरणासह राहू द्यावा, म्हणजे दुसऱ्या कुणाला तोच उपाय सुचला तर धोका कळेल?

कुपवाड_फर्मवेअर | मंगळवार, दुपारी ३:२०

मास्तर, राहू द्या. हाच उपाय सांगणारे व्हिडिओ आजही शेकड्यांनी आहेत आणि लोक ते पाहूनच इथे येतात.

विश्रामबाग_ताई | मंगळवार, सायंकाळी ७:३०

माझी अडचण साधी आहे, तरी याच धाग्यात विचारते. आमच्या आईचा फोन रूट वगैरे काही केलेला नाही. रविवारी रात्री त्याचे अपडेट झाले आणि सकाळपासून तो बोटाचा ठसा घेत नाही, पॅटर्न मागतो. आईने टाकलेला पॅटर्न चुकीचा ठरतो. तिची खात्री आहे की अपडेटने पॅटर्न बदलला. तिच्या भिशीच्या मंडळाचे सगळे हिशेब त्यात आहेत. अपडेटमुळे पॅटर्न बदलू शकतो का?

मिरज_दुरुस्ती | मंगळवार, रात्री ८:१०

ताई, माझे मिरजेत मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे आणि अपडेटनंतर लॉक पडले म्हणून येणाऱ्या दहा गिऱ्हाइकांपैकी बहुतेकांची गोष्ट हीच असते. अपडेट पॅटर्न बदलत नाही. अपडेटसाठी फोन बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या वेळी बोटाचा ठसा चालत नाही, पिन किंवा पॅटर्न द्यावाच लागतो. माणूस महिनोन् महिने बोट टेकवून फोन उघडत असतो. पॅटर्न हातातून निघून गेलेला असतो आणि तो आठवायची वेळ नेमकी अपडेटच्या दुसऱ्या दिवशी येते. त्यामुळे दोष अपडेटवर जातो.

आईंना भराभर प्रयत्न करू देऊ नका. प्रत्येक चुकीने थांबण्याचा वेळ वाढत जातो आणि माणूस गोंधळून आणखी चुकतो. फोन बाजूला ठेवून कागदावर आठवू द्या. पडद्याचा एखादा पट्टा मेला आहे का तेही पाहा. कडेच्या ठिपक्यांच्या ओळीला स्पर्शच लागत नसेल तर बरोबर पॅटर्नही चुकीचा ठरतो. तसे असेल तर ओटीजी जोडणी (फोनला माउस जोडणारी छोटी वायर) आणि संगणकाचा साधा माउस लावा. बऱ्याच फोनांवर पडद्यावर बाण येतो आणि माउसने पॅटर्न ओढता येतो. माझ्याकडे फुटक्या पडद्याचे फोन येतात तेव्हा गिऱ्हाइकाला मी माउस हातात देतो आणि स्वतः पाठ करून उभा राहतो.

कुपवाड_फर्मवेअर | मंगळवार, रात्री ९:००

दुरुस्तीवाल्या दादांशी सहमत आहे. फक्त एवढी भर घालतो की अपडेटच सदोष निघण्याचे प्रकार मुळीच होत नाहीत असे नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये अँड्रॉइड १४ आल्यावर पिक्सेल ६ आणि त्यापुढच्या फोनांवर, जिथे एकापेक्षा जास्त वापरकर्ते नोंदवलेले होते, तिथे मुख्य वापरकर्त्याला स्वतःचीच साठवण दिसेनाशी झाली आणि काही फोन तर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. गूगलने नंतर दुरुस्ती पाठवली. ज्यांनी घाईने रीसेट केले नव्हते त्यांच्यापैकी अनेकांना तिचा उपयोग झाला. पण त्या दोषातही पॅटर्न बदललेला नव्हता.

विश्रामबाग_ताई | बुधवार, सकाळी ११:४५

उघडला! आईला सकाळी देवघरापुढे रांगोळी काढताना पाहिले आणि सुचले. तिला म्हटले, तीन बाय तीन ठिपके काढ आणि विचार न करता जोड. तिने ठिपके दिले आणि हात थेट वरच्या डाव्या ठिपक्यापासून खाली आला, उजवीकडे वळला, वर गेला आणि मध्ये थांबला. फोनवर ती शेवटचा मधला ठिपका विसरत होती. पॅटर्न पहिल्याच प्रयत्नात लागला. भिशीच्या हिशेबाचे सगळे फोटो आता माझ्या फोनवर घेतले आहेत. आईने पॅटर्न पंचांगाच्या मागच्या पानावर लिहू का असे विचारले, तर मी हो म्हटले आहे. ते योग्य आहे का?

मिरज_दुरुस्ती | बुधवार, दुपारी १२:१०

ताई, आनंद झाला. घरातल्या कपाटात लिहून ठेवलेला पॅटर्न घरातलीच माणसे पाहणार. फोनच्या कव्हरात चिठ्ठी ठेवू नका म्हणजे झाले. चिठ्ठी फोनबरोबरच चोरीला गेलेली मी पाहिली आहे.

हरिपूर_काठ | बुधवार, रात्री ९:२०

हा धागा वाचताना माझी जुनी जखम उघडी पडली, म्हणून लिहितो. माझ्या बाबतीत शेवट गोड झाला नाही.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले तेव्हा, हरिपुरातल्या आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होते. पाणी उतरल्यावर मी खोलीखोलीतून फोटो काढले. भिंतीवरची चिखलाची रेघ, फुगलेली कपाटे, वडिलांची हळदीच्या व्यवहाराची कीर्द, जिची पाने एकमेकांत मुरून एकच लगदा झाला होता. पंचनाम्यापुरते चार-पाच फोटो छापून दिले, बाकीचे दोनशेहून अधिक फोनमध्येच राहिले. नीट सांगायचे तर मेमरी कार्डावर. कार्ड वेगळे असल्याने फोनला काही झाले तरी फोटो सुरक्षित आहेत असे मी मानत होतो.

पुढच्या वर्षी हौसेने मी फोनवर दुसरी रॉम, म्हणजे दुसरी प्रणाली, चढवली. सुरू होताना पासवर्ड मागितला, मी दिला आणि पडद्यावर जे वाक्य आले ते माझ्या आजही डोळ्यांसमोर आहे. त्याचा अर्थ असा, की तुम्ही टाकलेला पासवर्ड बरोबर आहे, परंतु दुर्दैवाने तुमचा डेटा खराब झालेला आहे. शहरातल्या एका दुकानात दाखवले. त्यांनी रीसेट करायला सांगितले. कार्ड काढून खिशात ठेवले आणि निर्धास्तपणे हो म्हटले. घरी येऊन कार्ड संगणकाला लावले तर ते फॉरमॅट करायचे का असे विचारू लागले.

नंतर कळले ते असे. अँड्रॉइड ६ पासून कार्ड दोन प्रकारे वापरता येते. सुटे कार्ड म्हणून वापरले तर ते कुठेही वाचता येते. पण फोनमधली जागा कमी पडते म्हणून ते अंतर्गत साठवण म्हणून जोडले, तर फोन ते कार्ड कूटबद्ध करतो आणि त्याची किल्ली फोनच्या आत ठेवतो. मी कधीतरी, जागा भरल्याची सूचना आली म्हणून, दुसरा पर्याय निवडला होता. रीसेटमध्ये किल्ली गेली. कार्ड अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ते धड आहे, त्यावर फोटो आहेत आणि ते कुणालाही वाचता येणार नाहीत. कुपवाडच्या दादांना विचारतो, आज ना उद्या काही मार्ग निघेल का?

कुपवाड_फर्मवेअर | बुधवार, रात्री १०:०५

आपल्याला खोटी आशा दाखवणार नाही. किल्ली पुसली गेली असेल तर मार्ग नाही. मोडीत लिहिलेली जुनी कीर्द असती तर जाणकार शोधून वाचून घेता आली असती. पण इथे लिपी अवघड आहे असा प्रश्न नाही. एईएस या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीची १२८ बिटांची किल्ली अंदाजाने शोधणे जगातल्या कोणत्याही संगणकाच्या आवाक्यातले नाही, आणि त्याच बळावर आपली बँक, आपले दवाखान्याचे कागद चोरीच्या फोनमध्येही सुरक्षित राहतात. त्या दुकानदाराने रीसेटपूर्वी कार्ड कोणत्या पद्धतीने जोडले आहे एवढे विचारले असते तर निदान थांबण्याची संधी मिळाली असती. नातेवाइकांना तेव्हा व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो त्यांच्या फोनमध्ये शोधावेत. आकाराने लहान असतील, पण असतील.

मिरज_दुरुस्ती | बुधवार, रात्री १०:४०

माझ्या व्यवसायातल्या माणसांबद्दल लिहिले आहे म्हणून बोलतो. रीसेट करणे हे दुकानदाराला पाच मिनिटांचे काम असते आणि फोन चालू झाला की गिऱ्हाईक पैसे देते. डेटा हवा आहे का, तो दुसरीकडे कुठे आहे का, हे विचारायला वेळ लागतो. मी स्वतः दुकानात पाटी लावली आहे की रीसेटपूर्वी गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने चिठ्ठीवर लिहून द्यावे. चिठ्ठी लिहायला बसले की निम्म्या लोकांना काहीतरी आठवते.

आणखी एक सांगतो. चिप काढून दुसऱ्या यंत्रात वाचतो, डेटासकट लॉक काढून देतो, असे सांगून हजारो रुपये मागणारे लोक आहेत. जुन्या, कूटबद्ध नसलेल्या फोनांवर ते शक्य होते. आताच्या फोनची साठवणीची चिप काढून वाचली तर हाती लागतो तो नुसता कचरा, कारण किल्लीचा अर्धा भाग प्रोसेसरमध्ये राहिलेला असतो. मदरबोर्ड बदलला तरी तेच. पाण्यात पडलेल्या फोनचा डेटा हवा असेल तर तोच बोर्ड जिवंत करावा लागतो, दुसरा इलाज नाही. आणि रीसेटने लॉक जाईल पण सुटका होईलच असेही नाही. अँड्रॉइड ५.१ पासून रिकव्हरीतून रीसेट केलेला फोन आधीचे गूगल खाते मागतो. फोन आणताना निदान खात्याचा पासवर्ड तरी माहीत असू द्या.

द्राक्षबाग_तासगाव | शुक्रवार, रात्री ८:५५

मंडळी, फोन उघडला.

बुधवारी आणि गुरुवारी पावसाचे वातावरण होते, फवारणी चुकवून चालणार नव्हते, म्हणून आज बसलो. भाचा लॅपटॉप घेऊन आला. शनिवारच्या पॅकेजचा क्रमांक त्याने वाचला, मी कागदावर लिहिला, मग मी वाचला आणि त्याने पडताळला. पॅकेजमधून मूळ बूट फाइल काढली. आज्ञा टंकण्यापूर्वी त्याने ती मला मोठ्याने वाचून दाखवली आणि त्यात वाइप किंवा फॉरमॅट नाही याची मी खात्री केली. फाइल चढायला दोन-तीन सेकंद लागले असतील. नंतर कंपनीचे चिन्ह आले आणि बराच वेळ ते तसेच राहिले. भाच्याची आई चहा घेऊन आली होती, तो तसाच निवला. मग पॅटर्नचे नऊ ठिपके दिसले. पॅटर्न देताना माझा अंगठा थरथरत होता. पहिल्याच प्रयत्नात उघडला.

सगळ्या नोंदी आहेत. गेल्या वर्षीच्या १२ नोव्हेंबरची, पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्यांदा घेतलेल्या फवारणीची नोंद मी आधी शोधली, कारण तीच मला तोंडपाठ नव्हती. लगेच सगळ्या नोंदींची फाइल काढून लॅपटॉपवर, मुलीच्या फोनवर आणि ई-मेलवर ठेवली. आज रात्रीपासून एक वहीसुद्धा पुन्हा सुरू करतो आहे. या वेळी ती शेडमध्ये न ठेवता घरात ठेवेन.

कुपवाडच्या दादांचे आभार कसे मानावेत कळत नाही. दोन प्रश्न राहिले आहेत. एक, भाचा विचारतो की नव्या बूट फाइलला मॅजिस्क लावून पुन्हा रूट करू का. दोन, मला आता नवा फोन घ्यायचा आहे. बॅकअप चालू करून नव्या फोनवर सगळे येईल ना?

कुपवाड_फर्मवेअर | शुक्रवार, रात्री ९:४०

दादा, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना वाचून दाखवला.

पहिल्या प्रश्नाविषयी. तांत्रिक दृष्टीने ते शक्य आहे, फक्त प्रत्येक अपडेटनंतर त्याच अपडेटमधली बूट फाइल घेऊन ती नव्याने तयार करावी लागते. जुनी कधीच चालवायची नाही. पण माझे स्वतःचे मत विचाराल तर ज्या फोनवर निर्यातीच्या नोंदी आणि बँकेचे व्यवहार आहेत तो रूट करू नये. भाच्याला शिकण्याची आवड आहे ही चांगली गोष्ट आहे. नवा फोन आल्यावर हा जुना त्याला द्या आणि त्यावर त्याला हवे ते करू द्या. तो देण्यापूर्वी मात्र सेटिंग्जमधून आधी गूगल खाते काढा आणि मगच रीसेट करा. रीसेटमध्ये किल्लीच नष्ट होत असल्याने तुमच्या जुन्या फाइली पुढे कुणाला वाचता येणार नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाविषयी. अँड्रॉइड ९ पासून गूगलकडे जाणारा ॲपचा बॅकअपसुद्धा तुमच्या पडद्याच्या लॉकशी जोडलेल्या किल्लीने बंद केलेला असतो. नवा फोन तो उतरवून घेताना जुन्या फोनचा पिन किंवा पॅटर्न विचारतो. तेव्हा जुना पॅटर्न विसरू नका. व्हॉट्सॲपच्या बॅकअपला वेगळा पासवर्ड किंवा ६४ अंकी किल्ली लावलेली असेल तर तीही लिहून ठेवा, ती हरवली तर कंपनीलाही बॅकअप उघडता येत नाही. शिवाय प्रत्येक ॲप आपला डेटा गूगलच्या बॅकअपमध्ये देतेच असे नाही. तुमच्या नोंदींच्या ॲपचा भरवसा न धरता आज काढली तशी फाइल दर आठवड्याला काढत जा.

नवा फोन हाती आला की जुना लगेच पुसू नका. नव्या फोनवर नोंदी उघडून, गेल्या वर्षीची ती १२ नोव्हेंबरची फवारणी त्यावर दिसते आहे का ते आधी पाहा.

द्राक्षबाग_तासगाव | शुक्रवार, रात्री १०:०५

तसेच करतो. पॅटर्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.